नातलग स्तर

माझ्या मुलीवर कुणीतरी माया करतं हे सरकारला सापडलं, आणि सरकारने ती माया माझ्याकडून वसूल करायला घेतली.

संदेश आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी काम करते. तिथे पंपांचे सांगाडे ओततात. ओतलेल्या लोखंडाच्या पोटात कुठे हवेची पोकळी राहिली आहे का, ते क्ष-किरणांच्या चित्रात बघायचं, ही माझी नोकरी. फोन वाजला म्हणून एका हाताने उघडला.

‘अर्जदार संयोगिता धैर्यशील चौगुले. आपल्या अपत्याची सांभाळकर्ती शकीला इस्माईल मुजावर ही मोजणीत आपली नातलग आढळली आहे. नातलगाने केलेला सांभाळ खर्च म्हणून धरला जात नाही. सबब आपली संगोपन सवलत रद्द करण्यात येत आहे. मागील रकमेच्या वसुलीबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल.’

मी आधी हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचूनही दाखवलं. मुजावर आणि चौगुले नातलग! मग ‘वसुली’ हा शब्द परत वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

संगोपन सवलत आली त्या वर्षी आम्ही पेढे वाटले होते, ते काही खोटं नव्हतं. आई-बाप दोघंही कामावर जात असतील, तर मूल सांभाळायला जे पैसे द्यावे लागतात त्यातले निम्मे करातून वजा. कर तेवढा बसतच नसेल, तर फरक सरळ खात्यात. वाटलं, शेवटी दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की बाई कामावर जाते तेव्हा मूल खुंटीला टांगून जात नाही. त्या पैशांवर मी बाळंतपणानंतर परत कामावर आले. ती सवलत गेली, तर माझा पगार माझ्या लेकीच्या, रुंजीच्या, सांभाळण्यात आणि रिक्षात जाणार, आणि मी नुसती हौस म्हणून लोखंड बघणार. थोडक्यात, नोकरी सोडावी लागणार.

अट एकच होती. पैसे घेणारी व्यक्ती नातलग नको. मग लोकांनी जे करायचं तेच केलं. सासवा, नणंदा, मावश्या, सगळ्या एका रात्रीत पाळणाघरवाल्या झाल्या आणि पावत्या फाडू लागल्या. मला तर त्यातही गुन्हा दिसत नाही. सासू काय फुकटात येते? पण कर विभागाला दिसला, आणि विभागाने ठिपका आणला.

ठिपका म्हणजे टिकलीएवढा चिकट तुकडा. मुलाच्या कानामागे एक, सांभाळणाऱ्या बाईच्या मनगटावर एक, आईबापांच्या मनगटावर एकेक. मुळात तो एका डॉक्टरीणबाईंनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी बनवला होता. आपलं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास घेताना ते किंचित धावतं, सोडताना किंचित सावरतं. लहान मुलाचं हृदय आपल्यापेक्षा कितीतरी भरभर चालतं, पण मूल अंगाशी असलं की त्याचं धावणं-सावरणं हळूहळू मोठ्या माणसाच्या धावण्या-सावरण्याबरोबर व्हायला लागतं. दोघींनी एका उखळात आळीपाळीने मुसळ घालावं तसं. हात वेगळे, ताल एक. रोजची सवय झाली की नुसत्या आवाजानेही तो ताल लागतो. आणि सगळ्यांत पक्का लागतो तो रडणारं मूल कुणापाशी तरी शांत होत असताना. काचेच्या पेटीतलं बाळ कुणाच्या हाताने निवतं ते त्या बाईंना ओळखायचं होतं, म्हणजे त्याच हाताला ते जास्त वेळ देता येईल. इतकं साधं, इतकं चांगलं काम.

विभागाने ते उलटं वापरलं. मोठ्या शहरांतल्या हजारो घरांची जुळणी मोजली आणि एक रेघ मारली. रेघेच्या वर नातलग स्तर, खाली सेवा स्तर. त्या शहरांतल्या पाळणाघरांत कठड्यांच्या छोट्या खाटांची रांग असते. मूल खाटेत, बाई खुर्चीत. आमच्याकडे मूल पायावर झोपतं. बाई भिंतीला टेकून पाय लांब करते, दोन नडग्यांच्या खोबणीत मूल निजवते आणि पाय हलकेच डावी-उजवीकडे हलवत राहते. कातडीला कातडी, तासन् तास. पायावर मूल घेणारी बाई विभागाच्या पाहणीत सापडली होती, पण ती प्रत्येक घरात आजीच होती. त्यामुळे शकीलाभाभी आमच्या आजी ठरल्या.

ठिपका चुकत नव्हता. माझं यंत्रही पोकळी बरोबर दाखवतं. पण ती पोकळी चालेल की माल भंगारात टाकायचा, हे माणसाने ठरवायचं असतं. इथे माणूस सुट्टीवर गेला होता.

सुनावणीला मी रुंजीला आणि भाभींना घेऊनच गेले. भाभी नागाव फाट्याजवळ राहतात, पन्नाशीच्या आहेत, स्वतःची तिन्ही मुलं लग्न होऊन गेलेली, घरात कायम सात-आठ परकी. रुंजी तेव्हा सव्वा वर्षाची. ती भाभींच्या कडेवर बसून त्यांच्या कानातल्या बुगडीशी खेळत होती.

अधिकारी केतकी दाबके नावाच्या होत्या, माझ्याच वयाच्या, पुण्याहून बदलून आलेल्या. त्यांच्याही मनगटावर ठिपका होता. समोर पडदा होता आणि खोलीतले सगळे ठिपके त्यावर रेषा काढत होते.

“तुमचं आणि यांचं नातं काय?” त्यांनी मला विचारलं.

“काही नाही. मी पैसे देते, त्या सांभाळतात.”

“मोजणी तसं म्हणत नाही.”

भाभी पुढे सरकल्या. “मॅडम, माझं नाव वाचा. मग हिचं वाचा.”

“नाव लग्नानंतर बदलू शकतं,” दाबके मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

“अवो, माझं माहेर मिरजेचं. ही पोरगी जन्मायच्या आदी चौगुल्यांचं दार कुटल्या दिशेला हाय ते बी ठाव न्हवतं मला.”

“मग नातं नसल्याचा पुरावा द्या.”

“नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठल्या दुकानात मिळतो?” मी विचारलं. माझा आवाज चढला तशी रुंजी दचकली आणि तिने भाभींच्या मानेत तोंड खुपसलं. पडद्यावर त्या दोघींच्या रेषा एकमेकींत विणल्यासारख्या झाल्या. मॅडमनी बोटाने त्या दाखवल्या.

“बघा. मशीन खोटं बोलत नाही.”

मग त्यांनी उपाय सांगितला. उपाय सोपा होता. सेवा-अंतर पाळायचं. मूल पायावर घ्यायचं नाही, खाटेत ठेवायचं. कडेवर घ्यायचं तर कामापुरतं. गुणगुणायचं नाही. रडलं तर खेळणं द्यायचं. महिनाभर जुळणी रेघेखाली राहिली की सवलत परत सुरू, वसुलीही माफ.

“म्हंजे मया करू नगं म्हणा की सरळ,” भाभी म्हणाल्या.

“असं कुठे म्हटलंय? करा. पण मर्यादेत.”

धैर्यशील, माझा नवरा, साताऱ्याकडे पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करतो आणि रविवारी घरी येतो. त्या रविवारी मी त्याला सगळं सांगितलं. त्याने जेवता जेवता ऐकलं.

“खाटेत झोपली तर मरते का पोर?”

“मरत नाही.”

“मग? महिन्याचा तर प्रश्न आहे.”

“महिन्याचा कसा? परत पायावर घेतलं की परत आकडा वर.”

“मग तू बघ, नोकरी सोडायची तर.”

‘मी सोडतो’ असं तो म्हणाला नाही. ते वाक्य आमच्या दोघांच्या घराण्यांत आजवर कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. मी ताट उचललं आणि मोरीत आपटलं.

भाभींकडच्या बाकी आयांनाही तेच संदेश आले होते. म्हणजे मी एकटीने हट्ट धरून भागणार नव्हतं. सगळ्यांनी मुलं काढून खाटांच्या प्रमाणित केंद्रात टाकली असती तर भाभींची चूल थंड पडली असती. तरीही त्यांना सांगायला मी गेले तेव्हा माझी जीभ उचलेना. भाभी नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रुंजी पायावर, तोंड उघडं टाकून झोपलेली.

“भाभी, खाटा आणूया,” मी म्हटलं.

त्यांचे पाय थांबले. रुंजी झोपेत चुळबुळली तसे परत हलू लागले.

“पायांना काय सांगू? गप बसा म्हणून?”

“महिनाभर.”

“तुला बी पटतंय व्हय हे?”

“नाही पटत! पण काय करू, सांगा ना. तुम्हीच सांगा!”

मी त्यांच्यावर ओरडले. दुसऱ्या कुणावर ओरडता येत नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी खाटा आल्या.

पहिल्या आठवड्यात रुंजी इतकी रडली की घसा बसला. भाभी पलीकडे खुर्चीवर बसत, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण हात मोकळे राहिले की आपोआप पुढे जात. मग रुंजीचं रडणं कमी झालं. मग थांबलं. मी आणायला गेले की ती खाटेत उताणी पडून पंख्याकडे बघत असायची. आधी माझी चप्पल वाजली की रांगत यायची. आता मान वळवून बघायची आणि परत पंखा. धैर्यशील म्हणाला, शहाणी झाली. फोनवर हिरवं फूल आलं आणि खाली अक्षरं: ‘अभिनंदन! सेवा स्तर योग्य.’ फोन भिंतीवर फेकला नाही तो फक्त नवा घ्यायला पैसे नव्हते म्हणून.

सवलत सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात दुसरा संदेश आला.

‘आपल्या अपत्याच्या संपर्कात नातलग स्तराची एकही व्यक्ती आढळत नाही. बालसंगोपन चौकशीसाठी हजर राहावे.’

हा मात्र मी कुणाला वाचून दाखवला नाही. एकही व्यक्ती नाही, म्हणजे मीही नाही. माझ्या मनगटावरचा ठिपका सगळं बघत होता. दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी घरी आले की स्वयंपाक, आणि कित्येक दिवस डोक्यात नुसता संताप. रुंजीला जवळ घ्यायचे तेव्हा माझं काळीज धडधडतच असायचं. त्या धडधडीशी सव्वा वर्षाच्या जीवाने जुळवून कसं घ्यावं? ज्या एका बाईपाशी तिचा ताल लागत होता तिला त्यांनी खुर्चीवर बसवलं, आणि आता मलाच विचारत होते की या मुलीला कुणी आहे की नाही.

दाबके मॅडमच पुन्हा समोर होत्या. चौकशीही त्यांच्याकडेच. त्या दिवशी ऊन होतं, पंखा मंद फिरत होता, आणि दाराबाहेर बराच वेळ बसवल्यामुळे रुंजीची झोप मोडली होती. आत शिरताच तिने भोकाड पसरलं. कित्येक दिवसांनी रडली, आणि सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं.

मी तिला छातीशी धरलं. ती धनुष्यासारखी ताठ झाली आणि आणखीच किंचाळली. पडद्यावर माझी रेष एकीकडे उड्या मारत होती, तिची दुसरीकडे. मी सोबत आलेल्या भाभींकडे बघितलं. भाभींनी हात पदराखाली घट्ट आवळले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर सात मुलांची सवलत गेली असती.

“त्या घेत का नाहीत तिला?” मॅडमनी विचारलं.

“तुम्हीच नको म्हणालात.”

“पण इतकं रडतंय बाळ...”

“खेळणं देऊ का?” मी म्हटलं. “खेळणं द्यायचं असतं ना रडल्यावर?”

रुंजीला ठसका लागला, श्वास अडकला आणि तिचे ओठ काळवंडले. तेव्हा दाबके मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून तिला जवळजवळ ओढूनच घेतलं. खांद्यावर टाकलं, पाठ चोळली. जमेना. मग त्या साडीसकट सरळ फरशीवर बसल्या, कपाटाला टेकल्या, पाय लांब केले, आणि रुंजीला नडग्यांवर आडवं केलं. कुठे शिकल्या होत्या कोण जाणे. बहुतेक त्यांनाही कुणीतरी असंच झोपवलं असणार. पाय डावीकडे गेले, उजवीकडे गेले. रुंजीने हुंदका दिला, मग एक उसासा. तिची मूठ सुटली.

पडद्यावर मॅडमच्या ठिपक्याची रेष आणि रुंजीची रेष आधी लांबून चालत होत्या, मग जवळ आल्या, मग एकमेकींत विणल्या गेल्या. रेघ ओलांडली. खाली अक्षरं उमटली: ‘नातलग स्तर’.

मॅडमनी वर बघितलं. चेहरा उतरला.

“ही... ही तात्पुरती नोंद आहे. चूक आहे.”

“मशीन खोटं बोलत नाही म्हणाला होतात,” मी म्हटलं.

“संयोगिताबाई...”

“नाही, सांगा ना. मशीन खरं असेल तर तुम्ही माझ्या नातलग आहात, आणि नातलगाची केस तुम्हाला चालवता येते का? आणि मशीन खोटं असेल तर या बाईने एवढे दिवस हात मांडीखाली दाबून का काढले? माझ्या पोरीने पंखा का बघितला?”

मॅडम मात्र पाय हलवायच्या थांबल्या नव्हत्या. त्या बोलल्या, पडद्याकडे न बघता.

“माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. प्रमाणित केंद्रात असतो. अगदी उत्तम केंद्र आहे. त्याचा आणि माझा आकडा एवढा कधीच आलेला नाही.”

मला मॅडमची दया यायला हवी होती. आली नाही. मनात आलं, हे तुला माहीत होतं, आणि तरीही तू आम्हाला ती सेवा-अंतराची यादी वाचून दाखवलीस. मी खाली वाकले, रुंजीच्या कानामागचा ठिपका नखाने उपसून काढला आणि टेबलावर चिकटवला.

“ही तुमची वस्तू.”

“सवलत कायमची जाईल,” मॅडम म्हणाल्या.

“जाऊ दे. भाभी, घ्या तिला.”

भाभींनी आधी टेबलावरच्या ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्या मॅडमच्या शेजारी फरशीवर बसल्या, पाय लांब केले, आणि झोपलेली रुंजी अलगद इकडच्या पायांवरून तिकडच्या पायांवर आली. डोळेही उघडले नाहीत तिने. भाभींनी तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “तुमच्या पोराला बी आणा की. पायांवर जागा हाय.”

मला भाभींचाही राग आला. इतकं झाल्यावर या बाईला आमंत्रण? मी बाहेर जाऊन उभी राहिले.

सवलत गेली ती अजून परत मिळालेली नाही. धैर्यशीलच्या पगारातून भाभींचे पैसे जातात, माझ्या पगारात घर चालतं, महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, आणि आम्ही भांडतो. पण मी कामावर जाते. रुंजी पायावर झोपते, आणि संध्याकाळी माझी चप्पल वाजली की आता चालत येते. बाकीच्या आयांनीही आपापल्या मुलांचे ठिपके काढून एका डबीत भरले आणि विभागाच्या दारात ठेवून आल्या. त्यांच्याही सुनावण्या लागल्या आहेत. खाटांवर भाभी धुतलेले कपडे वाळत घालतात.

मागच्या सोमवारी मी रुंजीला सोडायला गेले तर दारात चिमुकल्या निळ्या चपलांचा एक नवा जोड होता. आतल्या मुलाच्या कानामागे ठिपका नव्हता, नुसता चिकटपणाचा गोल डाग होता.

“कुणाचा हो हा?” मी विचारलं.

“हाय एका नातलगाचा,” भाभी म्हणाल्या आणि पाय लांब केले.

त्याच दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. माझी केस पुण्याच्या कार्यालयाकडे वर्ग झाली होती. आदेश एका ओळीचा होता, खाली केतकी दाबके यांची सही होती: ‘मोजणीनुसार सदर अधिकारी अर्जदाराच्या अपत्याच्या नातलग असल्याने त्यांना हे प्रकरण चालवता येत नाही.’